ट्यूबचा पलंग आणि कवडीची गादी

बारावीनंतर मी यवतमाळला बी.एस्सी.ला आले, तेव्हा मला शिक्षणाइतकीच पलंगाची उत्सुकता होती. फुलसावंगीला आमच्या घरात पलंग नव्हता. जमिनीवर चटई, चटईवर मायनं शिवलेली वाकळ, असं आम्ही सगळे रांगेनं झोपायचो. वसतिगृहात प्रत्येकीला वेगळा पलंग असतो, हे निघण्याआधी माझं गावातल्या निम्म्या मैत्रिणींना सांगून झालं होतं.

बाबा शिंपी होते. बसस्टँडजवळ त्यांचं मशीन होतं. मला पोहोचवायला ते आले, पण वसतिगृहाच्या फाटकाच्या आत पुरुषांना सोडत नसत, म्हणून पेटी माझ्या हातात देऊन ते बाहेरूनच परत फिरले. पेटी ओढत मी खोलीत गेले. दोन पलंग होते. खिडकीजवळच्या पलंगावर एक उंच मुलगी मांडी घालून बसली होती, दाराजवळचा माझ्यासाठी राहिला होता. लोखंडी चौकट, तिच्यात लोखंडी पट्ट्या विणलेल्या आणि कडेला स्प्रिंगांनी अडकवलेल्या. मधल्या चार-पाच पट्ट्या तुटून खाली लोंबत होत्या. वर काथ्याची गादी होती आणि तिच्यातला सगळा काथ्या पायांकडे जाऊन गोळा झाला होता. मी हौसेनं बसले, तर माझे गुडघे थेट हनुवटीपाशी आले.

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मी काल आली. दोन्ही पलंगांवर लोळून पायलं. हा कमी खराब होता, म्हणून हा घेतला. तुले राग आला असन तं येऊ दे, पन मी खोटं नाई सांगणार."

राग आला होता, पण तो टिकला नाही. इतकं सरळ बोलणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं. ती वणीची, आणि वसतिगृहात सगळ्या तिला वणीचीच म्हणायच्या. चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिच्या अब्बांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं, आणि कोळशाच्या गाड्यांखाली घुसून नट आवळण्यात तिचं अर्धं लहानपण गेलं होतं. पुढची तीन वर्षं आम्ही त्याच खोलीत काढली.

पहिला महिना मी त्या पलंगाशी भांडण्यात घालवला. खड्ड्यात वर्तमानपत्रांचे गठ्ठे घातले, तर कूस बदलली की ते कुरकुरायचे आणि सकाळी अंगावर छापून निघायचे. मेसमधून गव्हाची रिकामी पोती मागून आणली, तर त्यांतल्या किड्यांनी आम्हा दोघींना खाजवून सोडलं. शेवटी खाली वाकळ टाकून झोपू म्हटलं, आपली तर सवयच आहे. पण पावसाळ्याचे दिवस होते, दाराखालून पाणी आत यायचं आणि वाकळ पाण्याचा घडा ओतल्यासारखी भिजायची. पाठ दुखायला लागली. रसायनशास्त्राच्या तासाला मी दुसऱ्या बाकावर बसून खुशाल झोपायला लागले. एकदा सरांनी मला उठवलं आणि शांतपणे विचारलं, की मी शेवटचं काय ऐकलं. मी म्हणाले, "हजेरी." वर्ग हसला. सरही हसले, आणि मला बाहेर जाऊन तोंड धुऊन यायला सांगितलं.

मग मला फळ्याची कल्पना सुचली. कॉलेजच्या मागं मोडक्या सामानाची एक पत्र्याची शेड होती. तिथं जुना लाकडी फळा पडून होता, पलंगाच्या मापाचा वाटेल असा. शिपाईकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, न्या, वाळवीनं खाण्यापेक्षा बरा. आम्ही दोघींनी तो डोक्यावर घेतला आणि पूर्ण मैदान ओलांडून वसतिगृहात आणला. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला वणीची सांगत होती, की वर्ग आता आमच्या खोलीत भरणार आहे.

फळा घासून धुतला, वाळवला, पलंगावर टाकला, वर गादी अंथरली. खड्डा गेला, पण काथ्या पायांकडे असल्यामुळे पाठीखाली निव्वळ फळाच होता. शिवाय तो पलंगापेक्षा हातभर लांब निघाला. सकाळी मी उठून पायथ्याशी बसले आणि दुसरं टोक जे वर उडालं, त्यानं कोनाड्यातला पाण्याचा माठ फोडला. तेवढ्यावर भागलं नाही. त्या दिवशी प्रॅक्टिकलला मागच्या मुली खुसखुसत होत्या. कितीही धुतला तरी वर्षानुवर्षांचा खडू त्या फळ्यात मुरला होता, गादी सरकली होती आणि माझा गडद निळा कुडता पाठीमागून पांढरा झाला होता. वणीची माझ्यामागं उभी राहून म्हणाली, "हलू नको. मागच्या वर्षीचा पोर्शन हाय, उतरवून घेतो."

फळा परत शेडमध्ये गेला.

ईदच्या सुट्टीत वणीची घरी गेली आणि परत आली ती खांद्यावर एक काळं भेंडोळं घेऊन. ट्रकच्या टायरमधली फाटकी ट्यूब होती. बसमध्ये तिच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं म्हणे, इतका रबराचा वास. आल्याआल्या तिनं ओढणी कमरेला बांधली, माझी गादी उचलून दाराबाहेर ठेवली आणि पिशवीतून पक्कड, पाना आणि मोठी कात्री काढली. पलंगाच्या तुटक्या पट्ट्या तिनं एकेक करून कापून टाकल्या. ट्यूबच्या चार बोटं रुंद पट्ट्या मी कापायच्या आणि तिनं त्या चौकटीला ताणून बांधायच्या. आधी उभ्या, मग आडव्या, खाटेची नवार विणतात तशा एकीखालून एकीवरून. पट्टी ताणताना ती पलंगाच्या चौकटीला दोन्ही पाय लावून मागं रेलायची. सबंध रविवार गेला. हात काळे झाले, नखं काळी झाली, मेसमध्ये आमच्या पोळ्यांना काळी बोटं उमटली.

संध्याकाळी ती म्हणाली, "बस आता."

मी जपून बसले. पलंगानं मला वर फेकलं. पुन्हा बसले, पुन्हा फेकलं. आम्हाला इतकं हसू आलं की शेजारच्या खोल्यांतल्या मुली धावत आल्या, आणि मग त्या रांग लावून माझ्या पलंगावर उड्या मारायला लागल्या. घाटंजीची एक लठ्ठशी मुलगी तर दोनदा रांगेत उभी राहिली. तेवढ्यात रेक्टर मॅडम आल्या.

मॅडम पन्नाशीच्या, बारीक, नेहमी इस्त्रीच्या सुती साडीत. त्या कधी ओरडत नसत, फक्त नियम वाचून दाखवत. सूचनाफलकावरचे सगळे नियम त्यांना पाठ होते. त्यांनी पलंग बघितला, वाकून खालून बघितला, एक पट्टी बोटानं ओढून सोडली. मग म्हणाल्या, "वसतिगृहाच्या सामानाची मोडतोड करू नये, असा नियम आहे. दुरुस्तीबद्दल काही लिहिलेलं नाही." आणि निघून गेल्या. दोन दिवसांनी त्यांनी वणीच्या मैत्रिणीला आपल्या खोलीत बोलावलं. तिथल्या पलंगाची स्प्रिंग निघाली होती.

पाठीचा त्रास निम्मा झाला. पण गादी तीच होती, आणि आता खाली ताणलेलं रबर असल्यामुळे काथ्याचे गोळे आणखीच टोचायचे. गावाकडं बोलायचं तर बाबांच्या दुकानाशेजारच्या टेलिफोन बूथवर फोन करावा लागे. एकदा सहज बोलता बोलता मी गादीचं सांगितलं आणि विसरून गेले.

डिसेंबरात एका दुपारी कॉलेजमधून आले, तर फाटकापाशी माय उभी. बाजूला तिच्या कमरेएवढं गाठोडं. पहाटे फुलसावंगीहून निघून, महागावला गाडी बदलून, ते गाठोडं दोनदा चढवून-उतरवून ती आली होती. कंडक्टरनं विचारलं, यात काय आहे. ती म्हणाली होती, माझ्या पोरीची गादी हाय.

गाठोड्यात कापूस होता. ती वर्षं कापसाची फार वाईट होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि ते कशासाठी यायचं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. भाव पडलेला, म्हणून गावोगावी कापूस घरातच थांबलेला. आमच्याही घरी झोपायच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता आणि सगळे त्याच्याच कडेला अंग चोरून झोपत होते. पण मायनं आणला तो त्या ढिगातला नव्हता. ती कवडी होती. बोंडाला कीड लागली किंवा अवकाळी पाणी लागलं की कापूस पिवळा पडतो, घट्ट होतो, त्याला कवडी म्हणतात. वेचताना ती वेगळी काढून ठेवायची. माय आमच्या तीन एकरांत वेचायची आणि दुसऱ्यांकडेही वेचायला जायची. तिनं महिनाभर ही कवडी वेगळी जमवली होती.

"व्यापारी म्हने, हा काई कापूस नाई," ती म्हणाली. "म्या म्हटलं, नसू दे. तुले नाई लागत तं मी माह्या पोरीखाली घालतो."

हे सांगताना ती हसत होती. एखाद्याची खोडी काढून आल्यासारखी.

गाठोड्यात तळाशी आणखी एक घडी होती. बाबांनी गादीची खोळ शिवून पाठवली होती, दुकानातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांची. शाळेच्या गणवेशाची खाकी, पायजम्याचं पट्टेरी कापड, भीमजयंतीच्या झेंड्यांतून उरलेला निळा, उरसाच्या चादरींतून उरलेला हिरवा, कोणाच्या तरी लग्नातल्या परकराचा गुलाबी. शिवण मात्र दुहेरी आणि सरळ, फुटपट्टीनं आखल्यासारखी. वणीची कितीतरी वेळ ती खोळ उलटसुलट करून बघत होती. शेवटी म्हणाली, की तिच्या अब्बांनी ही शिवण बघितली तर ते बाबांकडून ट्रकच्या सीटा शिवून घेतील.

पण कापसात सरकी होती, आणि सरकीसकट कापूस गादीत भरता येत नाही. एवढासा कापूस कुठल्या जिनिंगवाल्यानं घेतला असता? मायनं मेसच्या स्वयंपाकघरातून पाटा मागून आणला आणि खिडकीची निघालेली एक लोखंडी सळी घेतली. पाट्यावर कापसाचा पुंजका ठेवायचा आणि त्यावरून सळी दाबत लाटायची. सरकी पुढं टपकन पडते, रुई मागं राहते. तिनं आम्हाला दोन-चारदा करून दाखवलं आणि चारच्या गाडीनं परत गेली. घरचं सगळं एकट्या बाबांवर होतं आणि दुसऱ्या दिवशी तिला वेचणीला जायचं होतं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, मेसचं जेवण होईपर्यंत, आम्ही व्हरांड्यात सरकी काढत बसलो. आधी आम्ही दोघी, मग शेजारच्या, मग पंधरा-वीस जणी. पाटा एकच होता, त्यामुळं बाकीच्या जणी बोटांनीच काढायच्या. बहुतेकींची घरं कापसाचीच, हाताला सवय होती. मेसच्या मावशींनी सरकी त्यांच्या म्हशीसाठी मागून घेतली आणि बदल्यात आम्हाला एक दिवस साईचं दही मिळालं. व्हरांड्यात काय काय बोलणं व्हायचं! कोणाचं लग्न मोडलं, कोणत्या सरांच्या शर्टाचं कोणतं बटण तुटलंय, राळेगावच्या मुलीच्या घरी बैलानं कापसाच्या ढिगात शिरून कसा मुक्काम केला. आमच्यातल्या एका कोलाम मुलीनं आम्हाला तिच्या भाषेत कापसाला, झोपेला काय म्हणतात ते शिकवलं. आमचे उच्चार ऐकून ती पोट धरून हसायची.

अशाच एका संध्याकाळी मोठ्या शहरातून एक पत्रकार बाई आल्या. त्या वर्षांत असे लोक जिल्ह्यात पुष्कळ यायचे. त्यांना शेतकऱ्यांच्या मुलींशी बोलायचं होतं. मॅडमनी त्यांना व्हरांड्यात आणून सोडलं. बाईंनी वही उघडली, आमच्याकडं फार दुःखानं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, की या सगळ्या परिस्थितीचा तुमच्यावर काय परिणाम झालाय.

आमच्यात दोघी-तिघी अशा होत्या, की त्यांना खरंच सांगण्यासारखं होतं, आणि त्यांना ते सांगायचं नव्हतं. आम्ही सगळ्या माना खाली घालून सरकी काढत राहिलो. मग वणीची म्हणाली, "ताई, इथं जागा हाय, बसा ना. हातानं करता करता बोलता येते."

बाई वही पर्समध्ये ठेवून खाली बसल्या. त्यांना सरकी निघेना. रुईचे धागे बोटांना चिकटून यायचे. घाटंजीच्या मुलीनं त्यांना बोटं कशी धरायची ते शिकवलं. तास-दीड तास त्या बसल्या. त्यांनी नंतर काही विचारलं नाही, उलट आम्हीच त्यांना विचारलं, की त्या कशावर झोपतात. त्या म्हणाल्या, फोमच्या गादीवर, आणि पाठ दुखते. एवढं हसणं त्या व्हरांड्यानं क्वचितच ऐकलं असेल. जाताना त्यांनी आपण काढलेली मूठभर रुई आमच्या ढिगावर ठेवली, थोडी संकोचून.

रुई निघाली, पण गाठोड्याच्या मानानं फारच थोडी. वणीच्या मैत्रिणीची खाला, म्हणजे तिच्या आईची बहीण, कळंबला राहायची आणि गाद्या भरायची. त्यांचा पिढीजात पिंजाऱ्याचा धंदा. नवऱ्याचे गुडघे गेल्यावर कापूस पिंजायचं पिंजण तिनं हातात घेतलं होतं. तिला निरोप पाठवला, तर उत्तर आलं, की एवढ्या रुईत उशा होतील, गादी नाही होणार.

मी खट्टू झाले. पण संक्रांतीच्या सुट्टीला सगळ्या घरी गेल्या आणि परत आल्या त्या काहीतरी घेऊनच. मी कोणालाही मागितलं नव्हतं. कोणी पिशवीभर, कोणी ओढणीत बांधून, कोणी दप्तरात वह्यांच्या जागी कोंबून कापूस आणला. राळेगावचा, पांढरकवड्याचा, घाटंजीचा, मारेगावचा. काही पांढराशुभ्र, काही माझ्या कवडीसारखा पिवळा. पुन्हा पंधरा दिवस आम्ही सरकी काढली.

आता मॅडमचा नियम आडवा आला. गादी वसतिगृहानं दिलेलीच वापरावी, असं फलकावर स्पष्ट लिहिलं होतं. मॅडमनी तो नियम मला वाचून दाखवला. मी रडवेली झाले. त्यांनी मला एक कोरा कागद दिला आणि अर्ज सांगितला. वसतिगृहाला एक गादी भेट देण्याची माझी इच्छा आहे, ती स्वीकारावी, अशी विनंती. मी लिहून दिलं. त्यांनी खाली सही केली, "स्वीकारली," आणि दुसऱ्या ओळीत लिहिलं, की सदर गादी याच विद्यार्थिनीला वापरण्यास देण्यात यावी. म्हणाल्या, "आता ती वसतिगृहानंच दिली."

गादी भरायचा दिवस ठरला रविवारचा. मी फोनवर सांगितलं आणि माय येणार म्हणाली. सकाळी कळंबच्या गाडीतून खाला उतरली. तिथल्या चिंतामणी गणपतीचं दर्शन घेऊन आलेल्या लोकांनी गाडी भरलेली, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून आधी तिचं पिंजण बाहेर आलं. माणसापेक्षा लांब लाकडी दांडा आणि त्यावर ताणलेली तात. खाला बुटकी, जाड चष्म्याची. तोंडात पान. फाटकापाशी चौकीदारानं पिंजण आत नेता येणार नाही म्हणून अडवलं, तर ती त्याला म्हणाली, की नियम पुरुषांना आत न सोडण्याचा आहे ना, मग यातलं पुरुष कोण, मी की हे लाकूड. चौकीदारानं फाटक उघडलं.

व्हरांड्यात चादर पसरून तिनं रुई ओतली. एक मूठ डोळ्यांपाशी नेली, दुसऱ्या मुठीचा वास घेतला. "सरकी तं बराबर काढली पोरींनी," ती म्हणाली. "ये पीली वाली किसकी है?"

पहाटेच्या गाडीनं निघून आलेल्या मायनं हात वर केला, वर्गातल्या मुलीसारखा.

"अच्छी है," खाला म्हणाली. "एकदा पिंजली का रंग नाई राहत."

तिनं पिंजण डाव्या हातात तोलून धरलं, उजव्या हातातल्या लाकडी ठोकळ्यानं तातेवर घाव घातला आणि टण्‌ण असा आवाज घुमला. मग टण्‌ण टुंग, टण्‌ण टुंग, एका लयीत. तात रुईत बुडायची आणि वर येताना रुई उडवायची. घट्ट, पिवळे गोळे बघता बघता उकलत गेले. सगळा व्हरांडा पांढरा झाला. आमच्या केसांवर, पापण्यांवर, सूचनाफलकावर रुई बसली. मॅडम तोंडाला पदर लावून खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या चष्म्यावरही रुई होती. एवढीशी वाटणारी रुई फुगून गुडघ्याइतकी उंच झाली. माय तिच्यात हात घालून बघत होती. कोणता कापूस राळेगावचा आणि कोणता तिचा, ते आता कोणालाच सांगता आलं नसतं.

बाबांच्या खोळीत ती रुई भरली गेली. खालानं काठीनं कोपरे सारखे केले आणि हातभर लांब सुईनं टाके घालायला सुरुवात केली. चार टाके झाल्यावर तिनं दुसरी सुई मायच्या हातात दिली. एकीकडून खाला, एकीकडून माय. दोघी एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होत्या, पण टाक्यांचं अंतर सारखं पडत होतं. शिवता शिवता त्यांनी नवऱ्यांच्या गुडघ्यांबद्दल आणि मोतीबिंदूबद्दल बरंच बोलून घेतलं.

दुपारी दोनच्या सुमाराला गादी तयार झाली. सहा जणींनी ती वाजतगाजत खोलीत नेली आणि ट्यूबच्या पलंगावर अंथरली. सगळ्या मला म्हणत होत्या, झोप, झोप. मी मायला म्हटलं, आधी तू.

ती नको नको म्हणाली. अंग धुळीनं भरलंय, साडी प्रवासातली आहे. सगळ्यांनी आग्रह केला, तेव्हा ती काठावर टेकली. "मी पायतो जराशी पडून," म्हणाली आणि उजव्या कुशीवर आडवी झाली. एक हात गालाखाली घेतला. पलंग अलगद खाली गेला आणि तसाच राहिला. तिनं डोळे मिटले. आम्ही वाट बघत होतो, की ती आता काहीतरी बोलेल.

माय झोपली होती.

मी तिला दिवसा झोपलेलं कधीच बघितलं नव्हतं. घरी ती सगळ्यांच्या नंतर झोपायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची, त्यामुळे तिचा झोपलेला चेहराच मला माहीत नव्हता. तोंड थोडं उघडं होतं, कपाळावरची आठी गेली होती आणि कानाच्या पाळीवर रुईचा एक तंतू होता. वणीच्या मैत्रिणीनं सगळ्यांना बोटानं बाहेर जायला खुणावलं. पंधरा मुली चपला हातात घेऊन बाहेर पडल्या. खाला व्हरांड्यात पान लावत बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावू लागली.

चार वाजले, तिची गाडी गेली. मी दारात उभी राहून घड्याळ बघितलं आणि तिला उठवलं नाही. पाच वाजले. मॅडम येऊन दारातून बघून गेल्या. बाहेरच्यांना मुक्काम करू देऊ नये, हा नियम त्यांनाही पाठ होता आणि मलाही. त्यांनी मेसच्या मावशींना तेवढं सांगितलं, की आज एक ताट जास्त.

सहाला माय दचकून उठली. बाहेरचं ऊन उतरलेलं बघून तिनं आधी डोक्यावरून पदर घेतला आणि मग मला रागावली, काहून उठवलं नाई म्हणून. मी म्हटलं, तूच म्हणाली होतीस जराशी पडतो. ती रागावून बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. तिला थांबवताच येईना. पदर तोंडात कोंबून ती पलंगावर बसून हसत होती, आणि ती हसली की पलंग तिला हळूहळू वर-खाली करत होता, त्यामुळे आणखी हसत होती.

बाबांच्या दुकानाशेजारच्या बूथवर फोन करून त्यांना कळवलं. माय त्या दिवशी राहिली. आम्ही दोघी त्या गादीवर झोपलो आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं ती गेली.

त्यानंतर मी रसायनशास्त्राच्या तासाला कधी झोपले नाही. पुढच्या हिवाळ्यात वसतिगृहात आणखी अकरा गाद्या झाल्या. मॅडमनी अर्जाचा एक नमुनाच करून ठेवला होता, फक्त नाव भरायचं. खाला आमच्याकडे तीन रविवार येत राहिली.

आणि त्याआधीच्या दिवाळीच्या सुट्टीत वणीची मैत्रीण आणि मी खालाला घेऊन फुलसावंगीला गेलो. त्या हंगामात तोवर निघालेली सगळी कवडी मायनं व्यापाऱ्याला दाखवलीच नव्हती. आमच्या अंगणात दोन दिवस पिंजण वाजलं आणि अर्धं गाव बघायला आलं. एक मोठी गादी झाली. बाबांनी खोळ मात्र यावेळी नव्या कोऱ्या कापडाची शिवली, बारीक निळ्या रेघांची. शिवून झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, की त्यांना जमिनीवरच बरी झोप लागते, मऊवर पाठ बिघडते. मायनं त्यांना एकदाही आग्रह केला नाही. चार दिवस ते शेजारी चटईवर झोपले. पाचव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आत गेले, तर गादीवर आडवे, पाय पसरून, पूर्ण गादी व्यापून बाबा घोरत होते. माय काठाला भिंतीशी बसली होती. तिनं ओठांवर बोट ठेवून मला चहा मागं न्यायला सांगितलं.